चित्राखालचं नाव

20 एप्रिल 1675. रायगडावरच्या राज्याभिषेकाला अजून वर्षही पुरं झालेलं नाही. त्या दिवशी तिथून पुष्कळ दक्षिणेला, डचांच्या ताब्यातल्या कोचीनमध्ये, रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तिघे वैद्य एका कागदावर नागरी लिपीत काही ओळी लिहून देतात. भाषा कोकणी. मजकूर सरकारी दाखल्यासारखा कोरडा आहे. कमांडरसाहेबांच्या हुकुमावरून आम्ही आलो, आमच्या महानिघंटूतल्या झाडा-वेलींची नावं आणि गुण सांगितले, दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ हे काम केलं, आणि सांगितलं ते खरं आहे, एवढाच त्याचा आशय.

तो कागद गलबतातून ॲमस्टरडॅमला गेला. तिथल्या कुणा कारागिरानं तो तांब्याच्या पत्र्यावर कोरला आणि 1678 साली छापलेल्या एका जाडजूड लॅटिन ग्रंथाच्या सुरुवातीच्या पानांत तो जाऊन बसला. नागरी लिपीत छापल्या गेलेल्या कोकणीचा हा सर्वात जुना नमुना समजला जातो. मी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अक्षरांच्या वळणाकडेच बघत राहिलो. कोरणाऱ्याला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. काना कुठे संपतो, मात्रा कुठे सुरू होते, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं समोरची रेघ डोळ्यांनी टिपली आणि पत्र्यावर उतरवली. उरलेल्या ग्रंथातली झाडंही त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी अशीच उतरवली होती. कधी न पाहिलेला फणस, कधी न पाहिलेला बहावा आणि कधी न ऐकलेल्या भाषेतली ही सही, या सगळ्यांची जात त्याच्या लेखी एकच.

ग्रंथाचं नाव ‘होर्तुस मलबारिकुस’, म्हणजे मलबारची बाग. खंड बारा. 1678 ते 1693 या काळात ते ॲमस्टरडॅमला निघत राहिले. वनस्पती सुमारे 740, ताम्रपटावरून छापलेली चित्रं 790 च्या वर. आशियातल्या एका प्रदेशाच्या झाडाझुडपांचा इतका मोठा सचित्र ग्रंथ त्याआधी युरोपात निघाला नव्हता.

त्याआधी काय होतं, तर गोव्यात छापलेलं गार्सिया द ओर्ताचं पुस्तक. ओर्ता पोर्तुगीज वैद्य, गोव्यात तीसेक वर्षं राहिलेला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडानं होतं, हे आज मुंबईत घर शोधणाऱ्यांना सांगितलं तर पटायचं नाही. त्याचं औषधी वनस्पतींवरचं संवादरूप पुस्तक 1563 साली गोव्यातच छापलं गेलं. माहितीनं भरलेलं, गप्पिष्ट, मधूनच भांडखोर असं पुस्तक. पण त्यात चित्र नाही. पुढे 1578 मध्ये क्रिस्तोवाव द कोस्तानं स्पेनमध्ये बुर्गोसला तशाच विषयावरचा ग्रंथ काढला आणि त्यात लाकडी ठशांची चित्रं घातली. ती पाहिली की झाड ओळखण्याऐवजी झाडाची दया येते. पानं ताठ, फांद्या काठीसारख्या, फळ कुठल्याही फळासारखं. शब्दांनी वर्णन करावं तर ‘पान लांबट, टोकदार, चकचकीत’ हे शंभर झाडांना लागू पडतं. चित्र काढावं तर असं. शिवाय ज्यानं झाड पाहिलं होतं त्याला रेघ ओढता येत नव्हती, आणि ज्याला रेघ येत होती त्यानं झाड पाहिलं नव्हतं.

हा तिढा सोडवणारा माणूस वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. हेंड्रिक व्हान ऱ्हीड मुळात शिपाईगडी. जन्म 1636 चा, उमराव घराण्यातला, विशीत डच ईस्ट इंडिया कंपनीत शिरलेला. पोर्तुगीजांकडून मलबारचा किनारा हिसकावून घेण्याच्या मोहिमांत तो होता. 1662 च्या लढाईत कोचीनची राणी त्याच्या हाती लागली आणि त्यानं तिला सुखरूप ठेवलं. जानेवारी 1663 मध्ये कोचीन पडलं. 1670 च्या सुमारास तो मलबारचा कमांडर झाला.

त्याला झाडांची आवड होती, हे खरंच. जंगलातून जाताना एकाच वृक्षावर निरनिराळ्या वेलींची, बांडगुळांची पानंफुलं लगडलेली पाहून तो थक्क झाला होता आणि ते त्यानं लिहूनही ठेवलं आहे. पण नुसत्या आवडीनं कंपनी पैसे सोडत नाही. व्हान ऱ्हीडचा वरिष्ठ रायक्लोफ व्हान खून्स हा सिलोनचा पक्षपाती. कंपनीचा सगळा जोर कोलंबोवर असावा, कोचीन फार महाग पडतं, असं त्याचं म्हणणं. व्हान ऱ्हीडला उलट दाखवायचं होतं की मलबारची भूमी किती समृद्ध आहे. त्यातून कंपनीला औषधांचीही निकड होती. पूर्वेकडच्या डच ठाण्यांत माणसं पटापट मरत, आणि त्यांच्यासाठी औषधांच्या पेट्या हॉलंडहून येत. त्यातली काही द्रव्यं मूळची याच किनाऱ्यावरची. ती व्यापाऱ्यांमार्फत युरोपात जायची, जुनी-शिळी व्हायची आणि भाव चढवून परत इथेच यायची. परसात उगवणारं झाड ओळखता येत नाही म्हणून त्याची वाळकी साल समुद्र ओलांडून विकत आणायची! या मूर्खपणाचा हिशेब मांडल्यावर ग्रंथाला कंपनीची हरकत राहिली नाही.

पहिला प्रयत्न एका ख्रिस्ती साधूच्या हातून झाला. फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ हा इटालियन कार्मेलाइट. वैद्यकी शिकलेला, अरबस्तान-इराणच्या बाजूला बरीच वर्षं भटकलेला. कॅथलिक पाद्र्यांना डचांनी हुसकून लावलं होतं, पण याला राहू दिलं. त्याच्याकडे झाडांच्या टिपणांचा आणि रेखाटनांचा मोठा साठा होता. व्हान ऱ्हीडनं त्यावरून सुरुवात केली आणि लवकरच त्याच्या लक्षात आलं की माहिती चांगली असली तरी चित्रं अगदी कच्ची आहेत. ती छापली तर पुन्हा कोस्ताचीच गत. म्हणून मग सगळं काम त्यानं नव्यानं मांडलं, आणि इथून पुढची हकीकत मला या ग्रंथातली सर्वात रसाळ वाटते.

ती त्यानं स्वतः तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. त्यानं आधी वैद्यांकडून याद्या करवून घेतल्या. एक यादी नावांची. दुसरी यादी ऋतूंची, कोणतं झाड केव्हा पालवतं, केव्हा फुलतं, केव्हा फळतं याची. मग या याद्या झाडं ओळखणाऱ्या माणसांच्या हाती दिल्या आणि त्यांना तिघातिघांच्या टोळ्या करून रानात धाडलं. एकेका वेळी दोनशेपर्यंत माणसं या कामावर होती. पान, फूल, फळ सगळं आणायचं, आणि ते शेंड्यावर असेल तर शेंड्यावर चढायचं. छावणीत सोयीच्या जागी तीन-चार चितारी बसलेले असत. डहाळी आली की ती कोमेजायच्या आत त्यांनी ती कागदावर उतरवायची. मग वैद्य त्या झाडाविषयी सांगत, दुभाषे भाषांतर करत, कारकून लिहून घेत, आणि हे बहुतेक वेळा खुद्द कमांडरच्या समोर चाले.

केरळच्या दमट हवेत तोडलेल्या फुलाचं आयुष्य किती, हे कोकणात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. कुड्याचं फूल दुपारपर्यंत मान टाकतं. पारिजातकाचं तर विचारूच नका. तेव्हा चितारी आधी फूल संपवणार, मग पानांच्या शिरा, मग देठ आणि साल. फळ त्या दिवशी मिळणारच नाही, कारण ते तीन महिन्यांनी धरणार. मग कागद राखून ठेवायचा आणि फळ आलं की त्याच फांदीवर ते काढायचं. छापलेल्या चित्रात कळी, फूल, कोवळं फळ आणि पिकलेलं फळ अशी सगळी एका डहाळीवर दिसतात. निसर्गात तशी डहाळी सापडेल असं नाही. चित्रात झाडाचं अख्खं वर्ष एका फांदीवर आणून बसवलेलं असतं, आणि एवढी लबाडी केल्याशिवाय ते ओळखायच्या उपयोगाचं होत नाही. कॅमेरा आल्यावरही वनस्पतिशास्त्रानं चितारी सोडला नाही, त्याचं एक कारण हेच. कॅमेऱ्याला समोर आहे तेवढंच दिसतं.

या चिताऱ्यांपैकी दोघांची नावं हाती लागतात. अँटनी याकोब्स खूटकिंट आणि मार्सेलिस स्प्लिंटर. दोघेही कंपनीच्या नोकरीत शिपाई म्हणून आलेले. खांद्यावर बंदूक घेऊन आलेल्या माणसाच्या हाती कुंचला देऊन त्याला काजऱ्याच्या झाडासमोर बसवलं, ही व्हान ऱ्हीडची पारख. मात्र ग्रंथात त्यांना मान मिळालेला दिसत नाही. याच्या सव्वाशे वर्षं आधी, 1542 मध्ये, जर्मन वैद्य लेओनहार्ट फुक्सनं आपल्या वनस्पतिग्रंथात चित्रं काढणारे दोघे आणि ठसे कोरणारा एक अशा तिघा कारागिरांची चित्रं नावानिशी छापली होती. कुणी कुंचला धरलेला, कुणी ठशावर चित्र उतरवणारा. ‘होर्तुस मलबारिकुस’च्या बारा खंडांत कुठेही असं एक पान नाही.

वैद्यांना मात्र पान मिळालं, आणि तेही त्यांच्याच अक्षरात. हे मला विलक्षण वाटतं.

इट्टी अच्युतन हा त्यांतला आज सर्वात जास्त ओळखला जाणारा. करप्पुरम भागातल्या कडक्करप्पळ्ळीचा, कोल्लाट घराण्यातला एळव वैद्य. एळव म्हणजे माडाशी जन्माचं नातं असलेली जात. माडी काढणं हा तिचा एक परंपरागत धंदा, आणि वैद्यकीची परंपराही त्यांच्यात जुनी. अच्युतनच्या घरी ताडपत्रावरचे ग्रंथ होते, त्यांतलं आणि अनुभवातलं त्यानं सांगितलं. त्याचं प्रमाणपत्रही 20 एप्रिल 1675 चं, मल्याळी अक्षरांत, तसंच कोरून छापलेलं. मल्याळी लिपी छापली जाण्याची ती पहिली वेळ मानतात. त्याच्या आदल्या दिवशीचं तिसरं प्रमाणपत्र इमॅन्युएल कार्नेरोचं. हा दुभाषा. अच्युतननं मल्याळीत सांगायचं, कार्नेरोनं पोर्तुगीजमध्ये आणायचं, मग पोर्तुगीजवरून पुढे डच किंवा लॅटिन. ब्राह्मण वैद्यांचं म्हणणं विनायक पंडितानं पोर्तुगीजमध्ये आणलं. तीन-तीन भाषांच्या चाळणीतून गेलेलं हे ज्ञान, तरी त्यातल्या नावांचा मूळ उच्चार बऱ्यापैकी शाबूत आहे.

कोकणी ब्राह्मण कोचीनला कसे, हा प्रश्न मराठी वाचकाला पडणारच. गोव्यात पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देवळं पाडली आणि बाटवाबाटवी सुरू केली, तेव्हा पुष्कळ सारस्वत कुटुंबं देव पाठीवर घेऊन दक्षिणेला गेली. काही कारवार-मंगळूरला थांबली, काही थेट कोचीनला पोहोचली. तिथे मट्टनचेरीला त्यांनी आपलं तिरुमल देवाचं देऊळ उभं केलं. पोर्तुगीज तिथेही शेजारी होतेच, आणि 1662 च्या धामधुमीत त्यांनी ते देऊळ लुटलं. डच आल्यावर या व्यापारी समाजाला जरा उसंत मिळाली. त्यामुळे डच कमांडरनं वैद्य बोलावले तेव्हा तिघं आले, आणि येताना गोव्याची भाषा, नागरी लिपी आणि संस्कृत निघंटूंची परंपरा घेऊन आले.

त्यांच्याविषयी व्हान ऱ्हीडनं जे लिहिलं आहे त्यात आदर आहे. हे लोक वनस्पतींचे गुण श्लोकांत सांगतात, झाडाचं नाव काढलं की त्यावरचा श्लोक तोंडपाठ म्हणतात, आपापसांत मतभेद झाले तर आवाज न चढवता वाद घालतात आणि जुन्या ग्रंथकाराचं वचन दाखवलं की मान्य करतात, असा त्याच्या सांगण्याचा सूर. पंधरा-सोळा जाणकारांची अशी एक मंडळीच त्यानं जमवली होती. जेत्यानं जितांच्या विद्वत्तेविषयी असं लिहिण्याचा तो काळ नव्हता. तिसरा खंड तर त्यानं कोचीनच्या राजालाच अर्पण केला.

आता यात मोठा वाटा कुणाचा, अच्युतनचा की तिघा भटांचा, यावर पुढे बरीच शाई सांडली आहे. केरळात अच्युतनच्या बाजूनं, कोकणी मंडळींत तिघांच्या बाजूनं. माझं मत विचाराल तर ग्रंथातली झाडांची ओळख, उपयोग आणि मल्याळी नावांचा भर पाहता अच्युतनचं पारडं जड आहे. पण प्रमाणपत्रं वेगवेगळी लिहिलेली आहेत आणि छापताना शेजारी-शेजारी आली आहेत, हे विसरू नये. कोचीनच्या त्या काळच्या समाजात एळव आणि ब्राह्मण असे शेजारी बसले असते का, ही शंकाच आहे. छापखान्यात ते बसले.

लॅटिन लिहिणारा होता योहानेस कासेआरियुस. कोचीनचा डच धर्मोपदेशक. तरुणपणी हॉलंडमध्ये तो तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या घरी राहून त्याच्याकडे शिकत होता, आणि स्पिनोझानं एका मित्राला पत्रात कळवलं आहे की या पोरासारखा तापदायक दुसरा कुणी नाही, पण वय वाढलं की सुधारेल. सुधारला म्हणायचा. पहिल्या दोन खंडांचं लॅटिन त्याचं. पण पुस्तक छापून आलेलं पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं, 1677 मध्ये बटाव्हियाला तो वारला.

व्हान ऱ्हीडही त्याच वर्षी मलबार सोडून गेला, आणि 1678 मध्ये हस्तलिखितं-चित्रं घेऊन मायदेशी पोहोचला. मग ॲमस्टरडॅमचा खटाटोप सुरू झाला. ताम्रपटाचं काम लाकडी ठशाहून निराळं. लाकडात उंच राहिलेली रेघ छापते, तांब्यात खोल कोरलेली. खोल रेघ केसाएवढी बारीक करता येते, त्यामुळे पानाची शिरन् शिर, सालीचा खरखरीतपणा, कापलेल्या फळातल्या बियांचे कप्पे दाखवता येतात. पत्र्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, म्हणजे नागरी अक्षरंही आरशातल्यासारखी. ॲमस्टरडॅमला हे अगदीच नवं नव्हतं, कारण 1667 मध्ये तिथेच निघालेल्या किर्खरच्या चीनविषयक ग्रंथात नागरी वर्णमालेची पानं कोरली गेली होती. तरीही त्या तिघांच्या दाखल्याइतका सलग मजकूर, आणि तोही चालत्या हाताचा, कोरणं हे सोपं काम नव्हतं.

चित्रंही भरघोस आकाराची, बहुतेक दोन पानांवर पसरलेली. पहिलं झाड माडाचं, मल्याळीत ‘तेंगा’. त्याला एकट्याला चार चित्रं दिली आहेत, आणि मलबारच्या बागेची सुरुवात दुसऱ्या कशानं होऊच शकत नव्हती. चित्रांवर रोमन लिपीत नाव, त्याखाली मल्याळी अक्षरांत, अरबी लिपीत, आणि अनेक चित्रांवर नागरीत. पहिला खंड चाळताना मराठी माणसाला परसातून फेरी मारल्यासारखं वाटतं. वड, पिंपळ, उंबर, चिंच, आवळा, बहावा, सोनचाफा, बकुळ, पारिजातक, काजरा, अंबाडा. खाली दिलेली लॅटिन माहिती वाचता आली नाही तरी चित्र बघून नाव तोंडात येतं. उंबराचं फळ कापून आतली दुनिया दाखवली आहे. बकुळीची फुलं इतकी बारीक कोरली आहेत की ती माळेत ओवायला हात शिवशिवावा.

आणि मधूनच पाहुणे भेटतात. पपई पहिल्याच खंडात आहे. पेरू आणि काजू तिसऱ्यात, अननस पुढे अकराव्यात. ही सगळी अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलेली झाडं. काजूचं मल्याळी नाव ग्रंथात ‘कपा-मावा’ असं आलं आहे, म्हणजे जहाजातून आलेला आंबा. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत ही झाडं इतकी इथली झाली होती की मलबारच्या बागेत त्यांना वेगळं काढावं असं कुणाला वाटलं नाही. आज काजूशिवाय गोव्याची, कोकणाची कल्पना कोण करेल?

खंड निघत गेले तसे हॉलंडमधले विद्वान त्यावर टिपा जोडत गेले. या झाडाचं आपल्या जुन्या ग्रंथातल्या अमक्या झाडाशी साम्य आहे वगैरे. या टिपांचा भाग मी भराभर उलटतो. झाड न पाहता त्यावर वाद घालणं हा एक जुना छंद आहे, आणि तो एकट्या युरोपचा नाही.

मग 1730 नंतरच्या काळात हा ग्रंथ स्वीडनच्या कार्ल लिनियसच्या टेबलावर आला. लिनियस भारतात कधी आला नाही. मलबारच्या झाडांसाठी त्याचा मुख्य आधार म्हणजे ही चित्रं. परदेशी वनस्पतींवरच्या ज्या मोजक्या ग्रंथांवर आपला विश्वास आहे, त्यांत त्यानं व्हान ऱ्हीडचं नाव घेतलं आहे. 1753 मध्ये त्यानं वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं दिली, तेव्हा यातली कितीतरी झाडं त्यात गेली. ज्यांचा वाळवलेला नमुना कुठेच ठेवलेला नव्हता अशा काही वनस्पतींच्या बाबतीत कोचीनचं ते चित्रच आज शास्त्रीय नावाचा अधिकृत आधार मानलं जातं. म्हणजे अमुक नाव म्हणजे नेमकं कोणतं झाड असा वाद निघाला तर वनस्पतिशास्त्रज्ञ अखेर खूटकिंट-स्प्लिंटर मंडळींनी काढलेल्या रेघांपाशी येतात. शिपायाच्या चित्राला याहून मोठा मान कोणता?

जुनी मल्याळी नावं मात्र या उलाढालीत बहुतेक गळाली. काही चिकटून राहिली. बकुळीचं शास्त्रीय नाव मिम्युसॉप्स एलेंगी. यातलं ‘एलेंगी’ हे मल्याळी इलंजी. मुरुडशेंगेचं हेलिक्टेरिस आयसोरा, यातलं ‘आयसोरा’ व्हान ऱ्हीडच्या ‘इसोरा-मुर्री’वरून. करंजाचं ‘पोंगामिया’ तसंच. अच्युतननं ज्या नावानं झाडाला हाक मारली, त्याचा एक तुकडा आज जगभरच्या वनस्पतिसंग्रहांत चिठ्ठीवर लिहिलेला असतो.

माणसांची नावंही अशीच झाडांत मुरली. कासेआरियुसवरून ‘कॅसिअरिया’ ही प्रजाती, तिची झाडं आपल्या सह्याद्रीतही आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्लूम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं अच्युतनच्या नावानं ‘अच्युडेमिया’ केली, ती पुढे दुसऱ्या प्रजातीत विलीन झाली. व्हान ऱ्हीडच्या नावानं लिनियसनं ‘ऱ्हीडिया’ ठेवली होती. तीही टिकली नाही, ‘गार्सिनिया’त मिसळली. आपलं कोकम त्याच गार्सिनियातलं. मलबारच्या कमांडरचं नाव अखेर आमसुलाच्या गोतात जिरलं!

त्याचा स्वतःचा शेवटही आपल्याच समुद्रावर झाला. 1684 मध्ये कंपनीनं त्याला पूर्वेकडच्या आपल्या ठाण्यांतला भ्रष्टाचार खणून काढण्यासाठी पाठवलं. केप, सिलोन, बंगाल, कोरोमंडल करत तो पुन्हा मलबारला आला आणि तिथून सुरतेला निघाला. 15 डिसेंबर 1691 रोजी मुंबईजवळ भर समुद्रात जहाजावरच तो वारला. सुरतेत डच दफनभूमीत त्याची दुमजली, घुमटाची समाधी बांधली आहे. तिथल्या इंग्रजांनी ऑक्झेंडन या आपल्या अधिकाऱ्याची भव्य समाधी बांधली होती, तिच्याहून ही वरचढ दिसावी अशी डचांची जिद्द होती म्हणतात. शेवटचे काही खंड निघाले तेव्हा तो हयात नव्हता.

या सगळ्याला एक पुणेरी जोड आहे, आणि ती दिल्याशिवाय मला राहवत नाही. कोचीनच्या त्या कामानंतर पावणेदोनशे वर्षांनी, दापोडीला, पवनेच्या काठी मुंबई सरकारची वनस्पतिबाग होती. 1828 साली गव्हर्नर माल्कमच्या काळात सुरू झालेली. 1838 पासून तिचा प्रमुख होता डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन, जो पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. 1847 ते 1850 या काळात गिब्सननं बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची सुमारे पावणेदोनशे रंगीत चित्रं करवून घेतली. उत्तम चित्रं आहेत. पानाच्या पाठीचा फिकट हिरवा आणि पोटाचा गडद हिरवा यांतला फरक कळेल इतकी. आज ती एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत, 2002 साली त्यांच्यावर हेन्री नोल्टी यांचं देखणं पुस्तकही निघालं. गिब्सनचं नाव त्यात आहे, बागेचं आहे, झाडांची तर आहेतच. चितारी पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं. नाव नाही.

सतराव्या शतकातल्या कोचीनमध्ये ज्यांनी सांगितलं त्यांच्या सह्या छापल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकातल्या दापोडीत ज्यानं काढलं त्याचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. दोनशे वर्षांत चित्रकला सुधारली, छपाई सुधारली, शास्त्र सुधारलं. एवढी एक गोष्ट मागे गेली, आणि ती का गेली याचं उत्तर चित्रकलेत नाही, राज्यकर्त्याच्या नजरेत आहे. व्हान ऱ्हीडला अच्युतनची गरज होती आणि ती कबूल करण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. कंपनी सरकारच्या काळात चितारी महिन्याच्या पगाराच्या रकान्यात गेला.

‘होर्तुस मलबारिकुस’ला आपल्याकडे परत आणलं ते केरळच्या के. एस. मणिलाल यांनी. कालिकत विद्यापीठातले हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक कित्येक दशकं या एका ग्रंथाच्या मागे होते. त्यातली झाडं पुन्हा केरळात हिंडून शोधली, आणि सगळ्या खंडांचं इंग्रजी भाषांतर केलं. ते केरळ विद्यापीठानं 2003 मध्ये प्रसिद्ध केलं, नंतर मल्याळीही आलं. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मूळ लॅटिन खंड आता कुणालाही घरबसल्या पाहता येतात, वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथालयांनी ते इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. चित्रांकडे जाण्याची घाई करू नका. पहिल्या खंडाची सुरुवातीची पानं हळूहळू उलटा. लॅटिनच्या दाट ओळी संपत येतात आणि एका पानावर एकदम ओळखीची अक्षरं दिसतात, जरा वाकडी, जरा दाटीवाटीनं बसलेली. शेवटच्या ओळींपर्यंत जा. तिघांची नावं आहेत.